बछेरीच्या गळ्यात घुंगुरमाळ बांधली, त्याची हकिगत (आणि दोन प्रश्न)

माळरान

नमस्कार मंडळी. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याजवळ. आमचे आबाजी टांगा हाकायचे. दारव्हा स्टेशनावर शकुंतला यायची, मूर्तिजापूर-यवतमाळ ती छोटी गाडी. तिच्या सवाऱ्या आजूबाजूच्या खेड्यांत सोडायच्या, हे त्यांचं काम. गाडीला उशीर झाला की घरी यायला त्यांना मध्यरात्र व्हायची. नाल्यापलीकडून घुंगरं ऐकू आली की आजी चुलीत काड्या सारायची, आणि टांगा दारात येईपर्यंत भाकर तव्यावर असायची. गावात तेव्हा तीन टांगे होते, पण आपल्या घोड्याची घुंगरं तिला बरोब्बर कळायची.

टांगा गेला, घोडा गेला. मागच्या हिवाळ्यात मी माळेगावच्या यात्रेतून अडीच वर्षांची बछेरी (तरुण घोडी) आणली. रंग कुमैत, म्हणजे तांबूस तपकिरी, वळण काठेवाडी, कानांची टोकं आत वळलेली. अंगानं चांगली, पण फार बुजरी. कापसाचे बोजे लादलेली मोटारसायकल दिसली की आडवी होते. बांधावर प्लास्टिकची पन्नी फडफडली की जागच्या जागी गिरकी. सोयाबीनचं मळणीयंत्र दोन शेतं पलीकडे लागलं तरी दावं ताणून उभी. अजून तिच्यावर बसत नाही, वय नाही तिचं. फक्त हातात दोरी धरून फिरवतो.

माळ्यावर जुन्या पोत्यात आबाजींच्या घोड्याचा चामडी पट्टा सापडला. अकरा पितळी घुंगरं, त्यातली दोन मुकी. चामडं वाळून तडकलेलं. घुंगरं चिंच लावून घासली तेव्हा एकेकाच्या पोटावरच्या रेघा दिसल्या, आणि चिरेच्या कडा गुळगुळीत झालेल्या दिसल्या. वर्षानुवर्षं घोड्याच्या छातीवर घासून त्या तशा झाल्या असणार. दारव्ह्याच्या बाजारात पोळ्याआधी बैलांच्या साजाची दुकानं लागतात, तिथून लाकडी मणी, कवड्या आणि थोडे निळे काचमणी आणले. चामड्याऐवजी दोरीत ओवून माळ केली. दोन मणी, एक कवडी, मग घुंगरू. घुंगरं सगळी पुढे छातीवर येतील अशी, मानेवरच्या भागात नुसते मणी.

पण माळ एकदम गळ्यात घातली नाही. पहिले तीन दिवस ती गव्हाणीच्या खुंटीला टांगून ठेवली. बछेरी कडबा ओढायची तेव्हा खुंटी हलायची आणि घुंगरं वाजायची. पहिल्यांदा वाजली तेव्हा दोन पावलं मागे सरकली. मग मान लांब करून, नाकपुड्या फुगवून माळेचा वास घेतला. तिसऱ्या दिवशी खाताना वाजलं तरी नुसता एक कान तिकडे. चौथ्या दिवसापासून माळ हातात घेऊन मी तिच्या पुढे चालायचो. म्हणजे आवाज तिच्यापासून लांब जातोय आणि ती त्याच्या मागे येतेय. बुजऱ्या जनावराच्या मागून आवाज आणला तर ते पळतं. आवाज पुढे पळू लागला तर ते त्याचा माग घेतं. त्यानंतर खांद्याला टेकवून लगेच काढायची, परत टेकवायची. तिनं मान खाली टाकून ओठ चाटले की त्या दिवसाचं काम संपलं. गळ्यात पडायला अकरा दिवस लागले.

आता महिना झाला. ती बुजायची थांबली असं नाही, पण बुजल्यावर सावरते लवकर. माझा अंदाज असा की, आवाज तिच्या स्वतःच्या पावलानं होतो, ती थांबली की थांबतो. बाहेरचा कुठलाच आवाज तिच्या ताब्यात नाही, हा एक आहे. मोटारसायकल आली की ती उभी राहते, दोन पावलं टाकते, घुंगरं वाजतात, आणि तिचा एक कान माळेकडे वळतो.

प्रश्न दोन. माळ दिवसभर ठेवावी की फक्त फिरवताना? आणि मुकी घुंगरं दुरुस्त होतात का?

खोगीर

वाचतोय. माळेची लांबी किती धरलीत ते सांगा. फोटो असेल तर टाका.

पाटाची_वाट

भाऊ, घोड्याचं मले काही समजत नाही, बैलाचं सांगतो. आमच्याकडं अकोला जिल्ह्यात कापसाच्या बंड्या (बैलगाड्या) रात्री जेवून निघत. धाकटा होतो तवा बापासंगं जायचो बंडीवर. रात्रभर बैलाच्या गळ्यातल्या घाट्या वाजत, अन् बाप त्या आवाजात झोपून जाये. आवाज बंद झाला का लगेच उठून बसे. बैल उभे राह्यले, का जू सरकलं, का रस्ता चुकला, हे त्याले डोळे उघडायच्या आधी समजे. म्हणून घाटी शोभेसाठी हाय असं कोणी म्हटलं तं मले पटत नाही. शोभा पोळ्याच्या दिवशी. झूल, बाशिंग, मठाठी, शिंगाले बेगड, ते सारं एका दिवसाचं. घाटी बाराही महिने.

अन् एक. बैलजोडीच्या दोन घाट्या एका आवाजाच्या घेत नव्हते आमच्याकडं. एक जाड, एक बारीक. म्हणजे कोन्ता बैल मागं पडून राह्यला ते अंधारात कळते.

दिवसभर माळ नका ठेवू. चरताना कुठं अडकली तं मान कापते.

माळरान

पाटाची_वाट भाऊ, तुमचा शेवटचा मुद्दा वाचून पोटात गोळा आला, कारण ते घडून गेलंय आणि वर लिहायला मी टाळलं होतं. लिहितोच.

पहिली माळ मी नायलॉनच्या दोरीत ओवली होती. पक्की राहील म्हणून. बाराव्या दिवशी फिरवून आणल्यावर माळ न काढता पाणी आणायला आत गेलो. तिनं कुंपणाच्या खांबाला मान घासली आणि माळ खांबाच्या वाकड्या खिळ्यात अडकली. तिनं मागे ओढलं, दोरी ताणली गेली तशी तिनं आणखी जोर केला. मी पोचेपर्यंत ती मागच्या पायांवर बसली होती. विळ्यानं दोरी कापली. मानेच्या बाजूला वितभर केस गेले, कातडी सोलली. हळद-तूप लावलं, पशुवैद्यांना दाखवलं, आठ दिवसांत जखम भरली. पण त्यानंतर चार दिवस ती खुंटीजवळ यायला तयार नव्हती आणि घुंगराचा आवाज आला की थरथरायची. चूक सर्वस्वी माझी. अकरा दिवसांचं काम एका खिळ्यानं धुऊन नेलं, पुन्हा गव्हाणीपासून सुरुवात करावी लागली.

आता माळ सुती दोऱ्यात आहे, आणि गळ्याच्या वरच्या बाजूला एक जोड मुद्दाम कच्चा ठेवलाय. एकेरी सुताचा. हातानं झटका दिला तर तुटतो. दोनदा तुटलाही, मणी वेचायला अर्धा तास लागला. जो कोणी हे वाचून माळ करेल त्यानं बाकी काही नाही केलं तरी हा कच्चा जोड ठेवावा.

वऱ्हाड_ते_व्हर्जिनिया

मूळची वाशीमची, आता अमेरिकेत असते. इथे घोडेवाल्यांमध्ये अशा माळा बऱ्याच दिसतात, त्यांना ऱ्हिदम बीड्स म्हणतात. मणी आणि लहान घंटा, गळ्यात सैल. तुम्ही अनुभवातून जिथे पोचलात तेच इथेही करतात: झटक्यानं सुटणारा जोड, आणि मान खाली केल्यावर माळ डोक्यावरून घसरू नये म्हणून आयाळीच्या एका बटेत ती अडकवून ठेवायची. रानातल्या वाटेनं जाताना समोरून येणाऱ्या माणसाला आणि जंगली जनावराला आधीच कळावं, हा एक उपयोग. नव्या घोड्याला आवाजाची सवय लावणं, हा दुसरा. आणि स्वाराला चालीचा ठेका कळावा, हा तिसरा. थंडीच्या देशांत बर्फावरच्या घसरगाडीच्या घोड्यांना घंटा बांधत, कारण बर्फात टापा वाजत नाहीत आणि वळणावर गाड्या एकमेकींवर यायच्या.

तुमच्या आजीचं चुलीत काड्या सारणं वाचून मात्र थांबले जरा. आमच्याकडे आजोबांची बंडी यायची, घाट्या ऐकून आजी दिवा घेऊन फाटकात जायची.

दगडी_वर्तुळ

थोडं मागे जाऊ या. नागपूरहून काटोलच्या रस्त्यानं गेलं की माहूरझरी लागतं. पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव यांनी १९७०च्या सुमारास तिथे उत्खनन केलं. विदर्भात ठिकठिकाणी जी दगडांची मोठी वर्तुळं आहेत (जुनापाणीलाही आजही दिसतात), ती लोहयुगातली दफनं आहेत, सुमारे अडीच ते तीन हजार वर्षांपूर्वीची. माहूरझरीच्या वर्तुळांमध्ये माणसांबरोबर घोड्यांचे अवशेष मिळाले. घोड्याच्या तोंडावर बांधायचे तांब्याच्या पत्र्याचे दागिने मिळाले, लोखंडी लगामाच्या कड्या मिळाल्या. आणि हेच माहूरझरी पुढे मणी घडवण्याचं मोठं केंद्र होतं. अकीक, कार्नेलियन, स्फटिक असे दगडांचे मणी तिथल्या शेतांत पावसाळ्यानंतर वर यायचे.

म्हणजे घोडा सजवणारे आणि मणी घडवणारे लोक इथलेच, आपल्याच मातीतले. त्या माणसांनी घोड्याला स्वतःबरोबर पुरला आणि पुरतानाही त्याचा साज काढून घेतला नाही. तांबं तेव्हा काही स्वस्त नव्हतं.

जुन्या मराठीत घोड्याच्या गळ्यातल्या दागिन्याला हैकल म्हणत. आता तो शब्द कोणी वापरत नाही. तुम्ही वापरा, अशी विनंती.

नाडीपरीक्षा

जनावरांच्या उपचारातला माणूस आहे, म्हणून थोडी काळजीची बाजू मांडतो.

माणसाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. घोड्याला ५५ पासून ३३,५०० हर्ट्झपर्यंत. म्हणजे खालचा जाड आवाज त्याला आपल्यापेक्षा कमी कळतो, पण वरचा बारीक आवाज आपल्याला जिथे संपतो त्याच्या पुष्कळ पुढे त्याला ऐकू येत राहतो. बाजारात जी पातळ पत्र्याची, चुरचुर वाजणारी घुंगरं मिळतात ती आपल्याला नाजूक वाटतात, घोड्याच्या कानाला तशी वाटत नसावीत. जाड पितळेची, मोठ्या पोटाची, संख्येनं कमी घुंगरं घ्या. आबाजींची अकरा आहेत, ती पुष्कळ झाली. मी तर सात ठेवीन.

तबेल्यात माळ नको. रात्री तर अजिबात नको. घोडं सतत सावध राहणारं जनावर आहे, दोन्ही कान वेगवेगळ्या दिशांना फिरवून ते सगळीकडचा कानोसा घेत असतं. मान हलवली की आपलाच आवाज येत असेल तर बाकीचं ऐकायला त्याला त्रास होतो. फिरवताना अर्धा-पाऊण तास, बस.

निळे मणी दृष्टीसाठी बांधले असतील तर बांधा, माझी हरकत नाही. फक्त त्यावर विसंबून धनुर्वाताची लस चुकवू नका. मानेची जखम झाली तेव्हा ती दिली होती ना?

माळरान

हो, त्याच दिवशी दिली. सात घुंगरांचं पटलं. दोन मुकी आहेतच, आणखी दोन काढतो.

सावळी_टेकडी

माझं सासर वर्धा जिल्ह्यातलं. सासऱ्यांकडे दोन घोड्या, लग्नसराईत वरातीला जातात. हा धागा दोन दिवस वाचतेय, लिहू की नको करत होते.

माळरान दादा, तुम्ही प्रेमानं करताय ते दिसतं. पण "आवाजाची सवय" हा शब्द ऐकला की मला भीती वाटते. आमच्याकडे येणारा प्रत्येक गिऱ्हाईक म्हणतो, घोडीला घुंगरं जास्त बांधा, पायात पैंजण, गळ्यात तीन माळा, डोक्यावर कलगी. घोडी सवयीची आहे ना, मग डीजेच्या गाडीमागे लागून उभी करा, बाजूला फटाक्याची लड लावा. सवय झाली म्हणजे तिला काही होत नाही, असं लोक धरून चालतात. मी घोडी धरून चाललेली आहे वरातीत, एका लग्नात माणूस आला नाही म्हणून. डीजेच्या गाडीजवळ गेलं की माझ्या छातीत धडधडायचं, आणि माझा हात तिच्या मानेवर होता, ती संपूर्ण मान आतून थरथरत होती. बाहेरून बघणाऱ्याला घोडी शांत उभी. घामानं खोगिराखालचं कापड पिळून निघालं.

घाबरून गोठलेलं जनावर आणि शांत झालेलं जनावर लांबून सारखंच दिसतं. तुमची बछेरी ओठ चाटते, मान खाली टाकते, हे तुम्ही बघता म्हणून ठीक आहे. पण हे वाचून कोणी घुंगरं बांधली आणि "आता घोडी तयार झाली" म्हणत वरातीत नेली तर?

आमच्या सासऱ्यांनी आता अट घातली आहे, डीजेपासून पंधरा पावलं लांब आणि फटाके नाहीत, नाहीतर बयाणा परत. काही लग्नं गेली हातची. काटेरी लगाम तर त्यांनी कधीच वापरला नाही. तो कायद्यानंच बंद आहे, १९६५च्या नियमांपासून, तरी बाजारात अजून मिळतो.

माळरान

ताई, लिहिलंत ते फार बरं केलंत. सवय हा शब्द मी पुन्हा तपासून पाहिला. तिला आवाज सोसायला लावायचा नाही मला. तिला तो आवाज कशाचा आहे हे कळावं, एवढंच. वरातीला ती जाणार नाही, हे आजच लिहून ठेवतो.

खोगीर

सावळी_टेकडी ताईंच्या प्रतिसादाला माझे हात जोडून. घामाची खूण लक्षात ठेवीन.

मोहफूल

आमचं गाव मेळघाटाच्या पायथ्याशी. इकडे गुरांच्या गळ्यात लाकडी घंटा असते, आतल्या दोन दांड्या आपटून टक-टक वाजते. रानात गाय कुठे आहे ते गुराख्याला त्यावरून कळतं. धुक्याच्या दिवसांत तर डोळ्यांचा उपयोगच नसतो, कानांनीच गुरं हाकतात.

घुंगरं लावल्यानं वाघ लांब राहतो असं काही लोक सांगतात, त्यावर जाऊ नका. पण अस्वल किंवा रानडुक्कर अचानक समोर आलं तर ते बिथरून अंगावर येतं, आणि आधी चाहूल लागली तर बहुतेकदा बाजूला होतं. जुने डाकवाले हरकारे काठीला घुंगरं बांधून रानातून धावत ते याचसाठी.

माळरान

धागा वर काढतोय, कारण परवा एक गोष्ट घडली.

सात घुंगरांची माळ घालून नाल्याकडच्या पांदणीनं चाललो होतो. रोजची वाट. मी पुढे, ती मागे, दोरी सैल. महिनाभरात माळेचा आवाज माझ्याही अंगात भिनलाय. घोडं साध्या चालीत असलं की पुढचा प्रत्येक पाय टेकताना त्याची मान किंचित खाली-वर होते, त्यामुळे घुंगरं छन्-छन्, छन्-छन् अशी सारख्या अंतरानं वाजतात. दुडकी चालीत मान स्थिर राहते, अंग उसळतं, तेव्हा आवाज तुटक आणि चटपटीत होतो. हे मी डोळ्यांनी कधी बघितलं नव्हतं, कानांनी शिकलो.

परवा विहिरीच्या वळणाजवळ वाटलं काहीतरी चुकतंय. छन्-छन्न्, छन्-छन्न्. एक ठोका हलका, एक जड. वळून पाहिलं तर ती नेहमीसारखी चालताना दिसली. पुन्हा पुढे तोंड केलं, पुन्हा तेच. थांबलो, पुढचे दोन्ही खूर उचलून पाहिले. उजव्या खुरात, पुतळीच्या (तळव्यावरच्या मऊ त्रिकोणी भागाच्या) खाचेत बाभळीचा काटा होता, मुळाशी मोडलेला. अजून आत गेला नव्हता. लंगडतच नव्हती ती, म्हणजे डोळ्यांना दिसेल इतकी नव्हती. घोड्याचा पुढचा पाय दुखला की तो टेकताना ते मान वर उचलून धरतं आणि चांगल्या पायावर मान खाली टाकतं. मान बोटभरच हलली असेल, पण घुंगरांनी ते बोटभर पकडलं.

चिमट्यानं काटा काढला, पोटॅशच्या (पोटॅशियम परमँगनेटच्या) पाण्यानं खूर धुतला. दुसऱ्या दिवशी ठोके सारखे.

आबाजी टांग्यावर पुढे बघून बसायचे आणि मध्येच उतरून घोड्याचा पाय उचलायचे, असं बाबा सांगतात. त्यांना कसं कळायचं ते बाबांना आजवर कोडं होतं. मी त्यांना पांदणीत नेलं, डोळे मिटून उभं केलं आणि बछेरीला त्यांच्या बाजूनं चालवत नेलं. ते काही बोलले नाहीत. घरी आल्यावर मुकी दोन घुंगरं मागून घेतली आणि ओसरीवर बसून बराच वेळ कानाशी हलवत होते.

नाडीपरीक्षा

काट्याचं वाचून फार आनंद झाला. आम्ही लंगड बघायला घोडं टणक जमिनीवर चालवून मान बघतो, तुम्ही तेच कानांनी केलंत. खूर आठ दिवस रोज बघा, आत कण राहिला असेल तर पू धरतो. खुराला हात लावून ऊब बघायची सवय ठेवा, दुसऱ्या खुराशी ताडून.

माळरान

खोगीर, लांबीचं राहून गेलं होतं. मानेच्या मुळाशी, खांद्यापुढून सुतळी फिरवून घेतली आणि त्यात चार बोटं ढील ठेवली. माझ्या बछेरीला ते साडेचार फुटांच्या आसपास आलं. मोठ्या घोड्याला जास्त लागेल, मापूनच घ्या. छातीवर माळ खांद्याच्या सांध्याच्या वर राहिली पाहिजे. खाली लोंबली तर पुढचा पाय तीत जाऊ शकतो.

यंदा पोळ्याला तिला तोरणापाशी नेणार नाही. गावाबाहेरच्या वडाखाली उभी करतो, माळ काढून. तिथून ढोल आणि झडत्या (पोळ्याची गाणी) बारीक ऐकू येतात. चारा ठेवतो पुढे. खाल्ला तर पुढच्या वर्षी थोडं जवळ.

मुक्या घुंगरांचं अजून कोणी सांगितलं नाही.

पाटाची_वाट

घुंगराच्या पोटातली लोखंडाची गोळी गंजून बसली असंन. रॉकेलात दोन दिवस बुडवून ठेव, मंग लाकडावर हलक्या हातानं ठोक. सुटली तं वाजते. अन् गोळी झिजूनच गेली असंन तं चीर जराशी फाकवून नवी टाकावी लागते, ते काम कासाराकडं दे, घरी करू नको. जुनं पितळ कडक होते, तडकते.

माह्याजवळ बापाच्या बंडीच्या दोन घाट्या हायेत, एक जाड एक बारीक. बैल आता नाहीत, ट्रॅक्टर हाय. पोळ्याले पुसून देवापाशी ठेवतो. तुह्या बाबाले घेऊन ये एकदा, त्यायले ऐकवतो.

माळरान

रविवारी येतो भाऊ. दोन्ही घुंगरं सोबत आणतो, रॉकेलात घालूनच.